धुळ्यात ठेवलेलं प्रस्थान

२८ जानेवारी १९८७, धुळे

विश्वभ्रमणाचा तिसरा दिवस. मुक्काम अक्काच्या घराची मागची पत्र्याची खोली. सोबतीला कांद्याची दोन पोती, सरपण आणि दाजींची जुनी ट्रंक.

परवा रावेरला झेंडावंदन झाल्यावर निरोप. बँड, शाल, नारळ, हार. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात माझं नाव दोनदा चुकवलं, 'खान्देशचा सुपुत्र' तेवढं बरोबर म्हणाले. आईने हातावर दही घातलं. पोरं वेशीपर्यंत सायकलमागे धावत आली. भुसावळला हार, जळगावला हार आणि मुक्काम. पारोळ्यात कोणी ओळखलं नाही, बरं वाटलं. काल दिवेलागणीला अक्काकडे मागच्या दाराने आत. पुढच्या दाराने नको, अशी नानांची ताकीद.

सगळं डोकं नानांचं. वडील म्हणून बोलता येत नाही, इथे लिहितो. पासपोर्ट अजून आलेलाच नाही! पण पाहुणे सव्वीस जानेवारीलाच मोकळे होते आणि मुहूर्तही त्याच दिवसाचा निघाला. नाना म्हणाले, "जुनी माणसं काय करायची? मुहूर्तावर निघणं होत नसलं की आपलं गाठोडं वेशीपलीकडे कोणाच्या घरी नेऊन ठेवायची. प्रस्थान ठेवलं की प्रवास सुरू झाला. मग निघा सवडीने."

म्हटलं, नाना, गाठोडं ठेवतात. माणूस नाही ठेवत.

"तू आठ दिवस स्वतःला गाठोडंच समज."

तर मी गाठोडं. पासपोर्ट आला की नाना तो घेऊन इथे येणार, मी इथूनच आग्रा रोडने दिल्ली. दिल्लीत व्हिसे, पुढे लाहोर, इराण, तुर्कस्तान, युरोप. तोवर कोणाच्या दृष्टीस पडायचं नाही. माहीत फक्त नाना, अक्का, दाजी आणि मला. आईला सांगायचं नाही. आईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं, असं नानांचं म्हणणं.

२ फेब्रु.

रावेरची माणसं धुळ्यात एवढी येतात हे लपल्यावर कळलं. कोणाची कोर्टात तारीख, कोणाची सोयरीक, कोणाचा दवाखाना. अक्काचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, दाजी एसटीच्या वर्कशॉपला आहेत म्हणून. म्हणजे उतरलेला प्रत्येक जण दारावरून जाणार. आज पुढच्या खोलीत आवाज आला, "अक्का, पाणी दे गं." रावेरच्या पोस्टातला माणूस! मी कांद्याच्या पोत्याआड. तो अर्धा तास बसला आणि अर्धा तास माझंच कौतुक करत होता. अक्का नुसतं हं हं म्हणत होती.

सायकलवर गोणपाट टाकलंय. पुढच्या पाटीवर 'सायकलवरून विश्वभ्रमण' आणि खाली पृथ्वीचा गोल. रंगाऱ्याने त्यात भारत जरा जास्तच मोठा काढलाय.

९ फेब्रु.

आठ दिवस कधीच सरले. बाजारात तुरी म्हणतात तसलं चाललंय.

पाय आखडले. सायकल स्टँडवर चढवली, मागच्या चाकाखाली जागा व्हावी म्हणून स्टँडखाली विटा घातल्या आणि खोलीतच पायडल मारत बसलो. दाजींची आई दारात येऊन उभी. तिला सगळे मायच म्हणतात. ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं. बराच वेळ चाकाकडे बघत होती.

"कोठे जाई ऱ्हायना रे भो?"

म्हटलं, तुर्कस्तानला, माय.

"मंग येतांना मीठ लई येजो. घरमा सरी गये."

तुर्कस्तानाहून मीठ आणायचं! दाजी हसून हसून भिंतीला टेकले. मीही हसलो. नंतर चाक थांबवलं आणि रडू आलं, कशाचं ते कळलं नाही.

१९ फेब्रु.

नाना आले. हातात पिशवी, पिशवीत केळी. चेहरा बघूनच ओळखलं.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस ठाण्याचा जमादार गल्लीत येऊन गेला. नाना नेमके त्या दिवशी जळगावला. आई विहिरीवर. जमादाराने विचारलं, मधुकर (म्हणजे मी, घरचा बापू) इथे राहतो का? झालं, अख्खी गल्ली गोळा. राहत होता साहेब, आता तो जगाच्या दौऱ्यावर! कोणी पेपरातलं कात्रण आणलं. किराणावाल्या भिकाभाऊंनी चहा मागवला, केळ्यांची फणी बांधून दिली. भिकाभाऊ म्हणे, इराणात पोचला. सोनू शिंपी म्हणे, इराण मागे पडला, आता तो थंडीच्या मुलखात, त्याची लोकरीची बंडी मीच शिवली. जमादार एवढा भारावला की आई आल्यावर तिला सॅल्यूट ठोकून गेला. आणि वर लिहून पाठवलं की अर्जदार सदर पत्त्यावर राहत नसून परदेशी गेला असल्याचे समजते.

पासपोर्ट नसताना परदेशी कसा गेला, हा प्रश्न गल्लीत एकालाही पडला नाही. जमादारालाही नाही.

मी म्हटलं, मग मी येतो घरी. दाखवा त्याला मला.

"आणि लोकांना काय दाखवू?"

"लोक गेले खड्ड्यात."

"शाल घेताना नाही म्हणालास तसं," नाना म्हणाले.

फेरचौकशीचा अर्ज करणार आहेत. जळगावला कोणाची ओळख काढतो म्हणाले. निघताना चप्पल घालता घालता हळूच विचारलं, "बरं, कट्ट्यावर रोज विचारतात, कुठे पोचला. काय सांगू?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती.

१ मार्च

दाजींनी वाचनालयातून जुना नकाशांचा ठोकळा आणलाय. नानांनी वर्कशॉपच्या फोनवर विचारलं, इराणात खायला काय मिळतं. दाजींनी मला येऊन विचारलं. मी सांगितलं, रोटी आणि खजूर. मला काय ठाऊक? मी इथून वीस किलोमीटरवरच्या सोनगीरच्या पुढे आयुष्यात गेलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी कट्ट्यावर सांगितलं असणार, बापू खजूर खाऊन आहे. आईला ते कळलं असणार. मग आई जेवताना माझी आठवण काढून… जाऊ दे.

नानांचा राग येतो. पण ते एकटेच रोज त्या कट्ट्यावर जाऊन बसतात आणि माझी सायकल पुढे ढकलतात. मी तर पोत्याआड आहे.

धुळवड

अख्खा दिवस दार बंद. बाहेर पोरांचा गोंधळ. अक्काने दाराखालून पुरणपोळीचं ताट सरकवलं. मायने ते पाहिलं. "हाई काय, कैदीले वाढी ऱ्हायनी का?"

अक्का चुलीकडे परत गेली. तिचं मला वाईट वाटतं. तिच्या सासरी भाऊ दीड महिना ठाण मांडून बसलाय, आणि कोण आलंय हेही तिला शेजारणीला सांगता येत नाही. शेजारीण म्हणे तिला विचारते, तुमच्या मागच्या खोलीत सारखं काय घरघरतं? अक्काने सांगितलं, शिलाई मशीन घेतलंय. आता शेजारीण पोलकी शिवायला आणून देतेय.

पाडवा

पत्रे तापायला लागलेत. दुपारी आत बसवत नाही, बाहेर निघता येत नाही.

दाजींशी आज पहिल्यांदा खटका. ते काही वाईट बोलले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "बापू, पुढचं काय ठरवलंय?" मी ताटावरून उठलो. उठायला नको होतं. खाणारा मी, रुसणाराही मीच. संध्याकाळी दाजींनी स्वतः येऊन सायकलला ग्रीस लावून दिलं. मला माफी मागता आली नाही. उद्या मागेन.

हल्ली रोज पहाटे झुंजुमुंजू असताना निघतो. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत, उजाडून ऊन तापायच्या आत परत. तोंडाला उपरणं. सोनगीरला किल्ल्याखाली चहाची टपरी आहे, तिथे माझं तुर्कस्तान संपतं.

खरं लिहू? काल चहा पिताना वाटलं, इथपर्यंतच पुरे. मला जग फिरायचं होतं की रावेरमधून सुटायचं होतं? केळी रेल्वेने बाहेर पाठवणाऱ्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वॅगनांचे आकडे मांडायची नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, जगाला मैत्रीचा संदेश द्यायचाय. मला कोणाला कसलाच संदेश द्यायचा नव्हता. मला फक्त रस्ता जिथपर्यंत जातो तिथपर्यंत जायचं होतं. अजूनही जायचंय. टपरीवरून परत फिरताना रोज मान पुढच्या रस्त्याकडे वळते, म्हणजे अजून जायचंय.

९ एप्रिल

आज सोनगीरला टपरीपाशी केळीचा रिकामा ट्रक उभा. पाठीवर 'रावेर' लिहिलेलं. वळून निघून जायचं होतं, पण टपरीवाल्याने माझा कप पुढे केला. ड्रायव्हर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. ओळखीचा नव्हता. माझ्या तोंडाला उपरणं.

त्याने सायकलवरचं गोणपाट पाहिलं, खालून पाटीचा कोपरा दिसत होता. "लांब चालले का भाऊ?"

म्हटलं, हो, जरा लांब.

"आमच्या गावचा एक पोरगा गेला सायकलवर. दुनिया फिराले. आता तुर्कस्तानात हाय म्हनतात."

मी म्हटलं, अरे वा. दुसरं काय म्हणणार?

"पोरगा मोठा हिमतीचा. पन खरी हिंमत त्याच्या मायची. निघाला त्या दिवसापासून पायात चप्पल नाही. नवस केला तिनं. पोरगा जग फिरून घरी येईन तवा घालीन. उन्हातान्हात तशीच विहिरीवर जाते, बाजारात जाते. परवा माह्या ट्रकपुढून रस्ता ओलांडला, डांबर पातळ झालं होतं. मी ट्रक थांबवून म्हटलं माय, बस, सोडतो. तं म्हने नाही, गाडीत बसलं तं नवस कुठी राह्यला?"

चहा संपवून तो गेला. टपरीवाला म्हणाला, तुमचा कप तसाच आहे.

परत कसा आलो आठवत नाही. नानांना हे माहीत होतं. इथे आले, केळी घेऊन आले, फोनवर इराणातलं खाणं विचारलं, आणि हे सांगितलं नाही.

१० एप्रिल

सायकल बाहेर काढली. दाजींची माफी मागितली, तीही आज. म्हटलं, निघतो. रावेरला. आईला चप्पल घालतो आणि मग जे व्हायचं ते होवो.

अक्का दारात आडवी. "आता नाही जायचं."

"का?"

"भर गल्लीत तू सायकलवर येणार, आईला ते लोकांसमोर कळणार. तिला तसं नाही कळू देणार मी. आखाजीच्या सणाला मी माहेरी जातेच आहे. मी सांगते. एकटीला गाठून सांगते. तोवर थांब."

"तोवर तिचे पाय?"

अक्का रडली. म्हणाली, "माझी आई नाही का ती?"

थांबलो. आणखी थांबलो. थांबण्यात आता माझा हात कोणी धरणार नाही.

२७ एप्रिल

ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावेत. अंगावर घामोळं. पहाटेही निघत नाही. मन लागत नाही.

अक्का आज गेली. मुराळी म्हणून चुलतभाऊ न्यायला आला होता. तो पुढच्या खोलीत सरबत पीत होता आणि मला सांगत होता, म्हणजे दाजींना सांगत होता, की बापू यंदा आखाजीला नाही, घर सुनं वाटतं. अक्काने जाताना मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मीच बाहेर आलो असतो.

१ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

घरी घागर पुजली असेल. डांगर-खरबूज, आंबे, पुरणाचे मांडे. झाडाला झोका. गाणी म्हणत असतील बाया. आईने अक्काला जवळ बसवून विचारलं असेल, तुझ्याकडे काही खबर?

इथे मायने घागर भरली. आमरसाची वाटी स्वतः घेऊन आली खोलीत. नेहमी अक्का आणते. म्हणाली, "खाय. आज सणना दिन शे. तुनी मायनी वाट दखी व्हई." मग जरा थांबून, "मना भाऊबी असाच गयथा. सुरतले. गया ते गयाच." खांद्यावर हात ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तिला सगळं माहीत आहे की काहीच माहीत नाही, देव जाणे.

६ मे

अक्का आली. येताच पिशवी टाकली आणि मागच्या खोलीत येऊन बसली. जसं सांगितलं तसं लिहितो.

घागरीची पूजा झाल्यावर आई एकटी सापडली. टाचा फुटलेल्या, तळव्याला फोड, हळद-तेल लावलेलं. अक्काने सगळं सांगून टाकलं. प्रस्थान, पत्र्याची खोली, जमादाराचा घोळ. आई ऐकत राहिली. मग पहिलं काय विचारलं तर, "जेवते का तो धड?"

अक्का म्हणाली, जेवतो. मग म्हणाली, आई, आता चप्पल घाल. तो कुठेच गेलेला नाही.

"म्हनूनच नाही घालता येत," आई म्हणाली. "नवस त्याच्या येन्याचा हे. तो गेलाच नाही तं येईन कुठून? त्याले म्हना, आधी जा."

अक्का भांडली तिच्याशी. म्हणाली, असा कुठला देव मोजत बसतो? आई म्हणाली, देव नाही मोजत, मी मोजते. मग म्हणाली, "नानाले सांगू नको मले कयलं म्हनून. ते बिचारे कट्ट्यावर रोज सांगतात. सांगू दे."

म्हणजे आता आईही पोत्याआड.

मला वाटलं होतं आईला कळलं की मी सुटलो. परत जायचा एक रस्ता डोक्यात ठेवला होता. घरी जायचं, पाया पडायचं, दोन दिवस हसं होईल, मग केळीच्या ग्रुपवर हातापाया पडून नोकरी परत. तो रस्ता आईनेच बंद केला. मी न जाता घरी राहिलो तर ती जन्मभर अनवाणी. मला तिचा भयंकर राग आला. एवढा राग नानांचाही आला नव्हता. अक्काला म्हटलं, तिने मला विचारलं होतं का नवस करताना?

अक्का म्हणाली, "तू तिला विचारलं होतं का जाताना?"

१५ मे

नाना. या वेळी केळी नाहीत. फेरचौकशी मंजूर. वीस तारखेला दुपारी तीननंतर जमादार येणार. मी घरी दिसलो पाहिजे. आणि गल्लीतले दोन शेजारी लागतील, हा इथलाच राहणारा म्हणून सही करायला. मग पासपोर्ट.

नानांची योजना: सायकल धुळ्यातच. मी रात्रीच्या एसटीने यायचं, अंधारात घरात शिरायचं. दोन शेजारी ते विश्वासात घेतील. जमादाराचं काम दार लोटून आत उरकायचं. रात्री परत धुळे.

म्हटलं, नाही. सायकलवर येणार, दिवसा येणार, आणि पाटी उघडी ठेवून येणार.

नानांनी रिकाम्या पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माझा विचार कर जरा."

"केला नाना. चार महिने तोच केला."

त्यांनी पाणी मागितलं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण शब्द मागे घेतला नाही. स्टँडवर सोडायला गेलो, उघड्या तोंडाने. रस्त्यात कोणीच ओळखीचं भेटलं नाही. पोत्याआड बसायचो तेव्हा बरे रोज दहा भेटायचे.

१९ मे, रावेर

काल पहाटे निघालो. मायने कुंकू लावलं. म्हणाली, "मीठ ऱ्हाऊ दे." दाजी वर्कशॉपपर्यंत सोबत चालत आले. अक्का दारात.

गोणपाट तिथेच टाकलं. पाटी चकचकीत, एक ओरखडा नाही, लाज वाटावी इतकी नवी. पारोळा, एरंडोल. मुक्काम जळगाव. चार महिने खोलीत बसून दम गेलाय, पोट सुटलंय.

जळगावला चौकात एकाने पाटी वाचली. "अरे, हे तर ते! आले का परत?" चार माणसं जमली. म्हटलं, परत नाही, मी अजून गेलोच नाही. सगळे हसले. कोणी म्हणालं, मोठी माणसं अशीच बोलतात. दुसरा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "गोरे झाले बघा. थंड देशातून आले ना!" पत्र्याच्या खोलीतला गोरेपणा तो.

भुसावळला चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. तिथे पुन्हा म्हटलं, भाऊ, खरंच नाही गेलो. तो म्हणाला, पुन्हा जाल तेव्हाही इथेच चहा घ्या. खोटं टिकवायला चार महिने अख्खं घर राबलं आमचं, आणि खरं कोणी ऐकूनच घेत नाही.

रावेर दिवे लागताना. वेशीपाशी पोरांनी ओरडा केला. गल्लीत शिरेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं. भिकाभाऊ दुकानातून हार घेऊन धावले, कुठून मिळाला एवढ्यात कोण जाणे. नाना ओट्यावर खांबाला धरून उभे. भिकाभाऊंनी हार घालायला हात वर केला तेव्हा मी तो धरला आणि सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी कुठे गेलो नव्हतो. धुळ्याला अक्काकडे होतो. पासपोर्ट आलेलाच नाही.

कोणी हसलं नाही. इथे लगेच पटलं.

सोनू शिंपी म्हणाला, "मग इराण?" माझ्याकडे नाही, नानांकडे बघून. नाना आत गेले. भिकाभाऊंनी हार दुमडून खिशात घातला. गल्ली कशी रिकामी झाली कळलं नाही.

आई दारात. मी पायरी चढलो, पाया पडलो. पाय पाहवले नाहीत. वाटलं आता आत घेईल. तर ती उंबऱ्यात उभीच.

"आत नको येऊ."

"आई!"

"प्रस्थान ठेवलं हे. घरात आला तं मोडलं. जेवन इथीच आनते."

ओट्यावर जेवलो. भाकरी, शेवभाजी, आंब्याची फोड. ती समोर बसून बघत होती. म्हणाली, जाड झाला. मग रडली, थोडीच.

२० मे

ओट्यावर झोपलो. आई उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. मध्ये लाकडाची एक फळी.

जमादार तीनला येणार. त्याला मी घरी राहतो हे दिसलं पाहिजे. आई घरात घेत नाही. ओटा घरात धरतात की रस्त्यात, हे नानांना विचारलं. नाना सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. एकदा म्हणाले, "सांगायचंच होतं तर मला आधी सांगायचंस, मी तुला तुर्कस्तानातून परत तरी आणला असता." मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, पाठ हलली.

दोन सह्यांचं काय? सकाळी भिकाभाऊंकडे गेलो. गिऱ्हाईक नसताना तराजू पुसत होते. "आम्ही जमादाराला एकदा सांगितलंय तू परदेशात आहेस. आता कुठल्या तोंडाने सांगू इथे आहेस?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. सोनू शिंप्याने मान वर केली नाही. मशीन चालवत राहिला. पुढे दोन दारं वाजवली, दोन्ही घरांतली माणसं शेतावर गेलेली. एवढ्या उन्हात शेतावर.

मी ओट्यावर येऊन बसलो. आईला म्हटलं, राहू दे. नाही मिळत पासपोर्ट. मी घरात येतो, तू चप्पल घाल, झालं गेलं विसरून जाऊ. ती पदर डोक्यावर घेऊन उठली.

आता एक वाजून गेलाय. गल्लीत चिटपाखरू नाही. आई सोनू शिंप्याच्या दारासमोर अनवाणी उभी आहे, सहीसाठीच. त्याच्या दाराला सावली नाही, शहाबादी फरशी आहे. काय बोलतेय ते इथे ऐकू येत नाही. मशीनचा आवाज मात्र येतोय. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकते आहे, पण हटत नाही. मी दोनदा उठलो, तिने लांबूनच हाताने बस म्हटलं.

मशीन अजून चालू आहे.